पत्रकाची मागची बाजू कोरी आहे

महापालिका निवडणुकीला बदलाची हाक देऊन उभ्या असलेल्या सर्व उमेदवारांना,

ताईंनो, दादांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या टपालपेटीत तुमच्यापैकी चौघांची पत्रकं पडली. फोटो वेगळे, चिन्हं वेगळी, रंगही वेगळे. सांगणं मात्र चौघांचं एकच. कुणी 'बदल' म्हटलंय, कुणी 'परिवर्तन', एकाने 'नवी सुरुवात'. आत उघडून बघितलं तर चौघांनीही मिळकतकराबद्दल काहीतरी कबूल केलंय. एकाच्या पत्रकात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी आहे. दुसऱ्याने आकडा ७०० वर नेलाय. तिसरं पत्रक सांगतं, पाच वर्षं एक रुपयाही करवाढ होणार नाही. चौथ्यात थकबाकीवरची शास्ती, म्हणजे दंड, सरसकट माफ आहे.

मी ती चारही पत्रकं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि शेजारी आमच्या घराचं मिळकतकराचं बिल ठेवलं. ही माझी जुनी खोड आहे. मी एका महापालिकेच्या करसंकलन विभागात २९ वर्षं नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. या काळात किती निवडणुका आल्या आणि गेल्या, आणि प्रत्येक निवडणुकीनंतर पहिल्या एप्रिलला आमच्या खिडकीवर कोण उभं असायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी कुणाला पाडायला मी लिहीत नाही. मला या वेळी खरंच मनापासून मत द्यायचंय, आणि त्यासाठी तुमच्या पत्रकाची पुढची बाजू मला पुरत नाही.

आधी त्या बिलाकडे जरा बघा. वरची ओळ सर्वसाधारण कराची. त्याखाली सफाई, अग्निशमन, वृक्ष कर, मलनिस्सारण, पाणीपट्टी, पथकर. शहराप्रमाणे नावं थोडी बदलतात. आणि तळाशी राज्य शासनाचा शिक्षण कर, दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमीचाही. शिक्षण कराचा कायदा १९६२ चा, राज्याचा. महापालिका हे पैसे नुसते गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. म्हणजे 'मिळकतकर माफ' असं मोठ्या अक्षरात छापताना यातल्या कोणत्या ओळी माफ, हे सांगायला हवं. सगळ्या ओळी पुसायच्या तर राज्य सरकार आणि विधिमंडळ लागतं. सभागृहात हात वर करून त्या पुसल्या जात नाहीत.

मग नगरसेवकाच्या हातात काय असतं? पुष्कळ असतं, आणि तेच पत्रकात नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर मुख्य सभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्त प्रस्ताव देतात, तो स्थायी समितीतून येतो आणि शेवटी तुम्ही हात वर करता. वर्षातल्या सगळ्या ठरावांत माझ्या घरात थेट शिरणारा ठराव हाच. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातल्या सभागृहांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक आले. पुढची जवळपास चार वर्षं आयुक्तच स्थायी समिती, आयुक्तच मुख्य सभा. या काळात दर ठरले, सवलती दिल्या गेल्या, योजना आल्या. प्रश्न विचारायला निवडून दिलेलं कुणी नव्हतं. आता तुम्ही सभागृहात जायला निघाला आहात. त्या २० फेब्रुवारीच्या सभेत तुम्ही काय करणार, हे मला आज कळायला हवं.

मागच्या वचनांचं काय झालं तेही एकदा बघू, कारण तुमची आश्वासनं नवी नाहीत.

मुंबईचं उदाहरण घ्या. २०१७ च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करायचं वचन दिलं. ५०० चा आकडा तिथेही जुनाच होता. २०१० मध्ये भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावाच्या हिशेबाने, कर बसायला लागला तेव्हा याच आकाराच्या घरांना पाच वर्षं वाढ लागू नये अशी सोय होती. तर २०१७ मध्ये वचन दिलं, सभागृहाने ठराव केला, आणि मार्च २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी आली. बिलं हातात पडली तेव्हा लोकांना कळलं, की माफ झालाय तो फक्त सर्वसाधारण कर, बाकीच्या ओळी जिथल्या तिथे आहेत. संपूर्ण माफीची घोषणा झाली १ जानेवारी २०२२ ला. सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पाच वर्षांच्या कारकिर्दीसाठी दिलेलं वचन कारकीर्द संपायला दोन महिने उरले असताना पुरं झालं. तेही मुंबईसारख्या श्रीमंत महापालिकेत, आणि शेवटी शेवटी राज्यातही त्याच पक्षाचा मुख्यमंत्री असताना.

सुमारे १६ लाख घरांना याचा लाभ होईल असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या घरांना दिलासा मिळाला याचा मला आनंद आहे, आणि लहान घराला हलका कर लागावा हे माझंही मत आहे. पण कर खातं ज्याने आतून पाहिलंय त्याला एक गोष्ट टोचते. माफीची रेघ क्षेत्रफळावर मारली की मलबार हिलच्या ४९० चौरस फुटांना शून्य आणि भांडुपच्या ५२० चौरस फुटांना पूर्ण बिल. भांडवली मूल्याची पद्धत आणली होती ती हीच विषमता मोडायला. त्याआधी कर भाड्याच्या हिशेबाने बसायचा, आणि भाडं तर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जुन्या जागेला नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या साध्या फ्लॅटला जास्त, असा उलटा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता. २०१० ची पद्धत निर्दोष नव्हती. तिचे काही नियम उच्च न्यायालयाने रद्दही केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पण कराचं ओझं कोणाच्या खांद्यावरून काढून कोणाच्या खांद्यावर ठेवायचं, या प्रश्नाला तिने हात घातला होता. तुमच्या पत्रकात मी तो प्रश्न शोधतोय.

दुसरी गोष्ट एलबीटीची. आमच्या पिढीला ती पाठ आहे, तरुण उमेदवारांसाठी सांगतो. १ एप्रिल २०१३ ला पुण्यासारख्या शहरांत येणाऱ्या मालावरची जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी, आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने हा कर रद्द करायचं वचन दिलं. सत्ता आली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी तो रद्दही झाला. वचन पाळलं, हे कबूल करायलाच हवं. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ ऑक्टोबरपासून, राज्यात पेट्रोल आणि डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी महाग झालं. अधिकृत कारण दुष्काळनिवारणाचं होतं, आणि दुष्काळ खरा होता. पण तिजोरीला कप्पे नसतात. एका हाताने सोडलेला महसूल दुसऱ्या हाताने गोळा करावा लागतो. व्यापाऱ्याच्या खात्यावरचं ओझं उतरलं त्याच हंगामात रिक्षावाल्याच्या आणि दूधवाल्याच्या टाकीवर ते चढलं.

आणि हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं, की एलबीटी अजून पुरता गेलेला नाही. पुण्यात फ्लॅटचं खरेदीखत करताना साधारणपणे ७ टक्के मुद्रांक भरावा लागतो. त्यात ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का मेट्रोसाठी, आणि १ टक्का आजही त्याच एलबीटीच्या नावाचा. ५० लाखांच्या घराला ५० हजार रुपये. व्यापारी संघटित होते, रस्त्यावर आले, त्यांचा कर गेला. आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्यांची संघटना नसते. त्यांचा राहिला.

जकात गेली, व्यापाऱ्यांवरचा एलबीटी गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या दिवसापासून आपली महापालिका दरमहा राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. भरपाईचा कायदा झाला, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून रक्कम मिळते, मुंबईला तर पहिलाच हप्ता ६४७ कोटींचा मिळाला होता. पैसे येतात, पण ते आपले नाहीत. देणाऱ्याच्या हातातले आहेत. शहराच्या स्वतःच्या हातात ज्याला मोठा कर म्हणता येईल असा एकच उरला: मिळकतकर. आणि तुम्ही चौघेही बदलाच्या नावाने त्यालाच कात्री लावताय.

'पाच वर्षं एक रुपयाही वाढ नाही' लिहिणाऱ्या दादांना एक विचारतो. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना मिळकतकराबद्दल अट घातली होती. राज्याने कराचे किमान दर जाहीर करायचे आणि पुढे दरवर्षी वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या गतीने वाढलेली दिसली पाहिजे. अनुदान हवं तर ही अट. तुमचं पत्रक लिहिताना कुणी हे तुमच्या कानावर घातलं होतं का? दर गोठवूनही वसुली वाढवता येते, मला मान्य आहे, मी त्याकडे येणारच आहे. पण मग ती कशी, हे लिहायला हवं होतं.

आता पुण्याची ४० टक्के सवलत. स्वतः राहत असलेल्या घराला ती मिळते, १९७० पासून. मध्ये लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सरकारने सवलत बंद केली, हजारो लोकांना वाढीव बिलं आली, काहींना मागच्या वर्षांच्या फरकासकट. मग २०२३ च्या सुरुवातीला कसब्याची पोटनिवडणूक लागली, प्रचारात हा विषय पेटला आणि त्याच वर्षी सवलत परत आली. लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, बरं झालं. पण या सवलतीत भाडेकरू कुठे आहे? सहा खोल्यांच्या बंगल्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सूट. कुणाच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या जोडप्याला काही नाही, कारण भाड्याने दिलेल्या घराला सवलत लागू नाही, आणि मालक तो फरक भाड्यात घालतो. बदलाची भाषा बोलणारा एक तरी उमेदवार या भाडेकरूचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तो मतदार यादीत बऱ्याचदा नसतो, हे मला ठाऊक आहे.

आणि आता चौथं पत्रक. शास्ती सरसकट माफ. याबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण याच कामात माझी सगळी नोकरी सरली.

मुदतीत कर भरला नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. १०,००० रुपये थकले तर महिन्याला २००, वर्षाला २,४००. हा दर जबर आहे. ज्याचं काम सुटलं, ज्याच्या घरात आजारपण निघालं, त्याला तो बुडवतो. अशा माणसाला सवलत मिळालीच पाहिजे आणि ती द्यायचे मार्ग आहेत. पण आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी थकबाकीदारांना शास्तीत सूट देणारी जी अभय योजना निघते तिचा फायदा घ्यायला रांगेत कोण असतं ते मी पाहिलंय.

आमच्या खिडकीवर दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक आजी यायच्या. चाळीतल्या दीड खोलीचं बिल, रक्कम फार नसायची. मागच्या वर्षीची पावती साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी न मोडता ठेवलेली. आकडा मला दोनदा वाचायला लावायच्या, मग नोटा मोजून द्यायच्या, शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून बघायच्या. मुदतीत भरलं की थोडी सूट मिळायची, ती त्यांनी कधी चुकवली नाही. आणि त्याच खिडकीवर दर मार्चमध्ये एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक यायचे. हातात जाड फाइल. कर भरायला ते येत नसत. विचारायला येत, "साहेब, अभय कधी येतंय?" आठ वर्षांची थकबाकी होती. जप्तीची नोटीस गेली की वरून फोन यायचा आणि नोटीस फाइलमध्ये झोपायची. वसुलीसाठी इतर थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवायला आम्ही गेलो होतो. त्या कार्यालयाच्या दारात बँड वाजला तो लग्नांचाच.

एका वर्षी अभय योजना आली. कार्यालयाबाहेर मोठा फ्लेक्स लागला, शास्तीत ८० टक्के सूट. आजींनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला होता. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ती सूट कुठल्या खिडकीवर मिळते, साहेब?" मी सांगितलं, आजी, ती ज्यांनी भरला नाही त्यांच्यासाठी आहे. त्या थोडा वेळ थांबल्या. मग विचारलं, "म्हणजे मी भरायला नको होता का?" मी काही बोललो नाही. मागे रांग होती, पुढचा नंबर पुकारला. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मंगल कार्यालयाची फाइल त्याच आठवड्यात निकाली निघाली.

पिंपरी-चिंचवडच्या शास्तीकराचं प्रकरण मी यात मिसळत नाही. तिथे अनधिकृत बांधकामांना मिळकतकराच्या दुप्पट शास्ती बसत होती. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन पत्र्याची खोली बांधणारा कामगार त्यात भरडला जात होता. वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत तो रद्द करायचं आश्वासन मिळालं, टप्प्याटप्प्याने सूट आली आणि २०२३ मध्ये तो पूर्ण माफ झाला. पण त्या माफीतही छोट्या खोलीवाल्याच्या पाठीमागून मोठी अनधिकृत संकुलं सुटली, याचं मला दुःख आहे. 'सरसकट' या शब्दात हीच मेख आहे. तो शब्द गरिबाच्या नावाने उच्चारायचा आणि त्यातून जाड फाइलवाल्यांनी बाहेर पडायचं.

म्हणून विचारतो. ज्या व्यवस्थेत वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो आणि थांबणारा शहाणा, तीच व्यवस्था आणखी पाच वर्षं चालवायची असेल तर पत्रकावर 'बदल' कशासाठी छापलाय?

गेल्या रविवारी तुमच्यापैकी एक ताई आमच्या पार्किंगमध्ये आल्या होत्या. तरुण आहेत, नोकरी सोडून उभ्या राहिल्यात, बोलल्या चांगल्या. खड्डे, कचरा, पाण्याचा दाब, सगळ्याची माहिती होती. शेवटी मी उठून विचारलं, की ताई, ७०० फुटांपर्यंत माफी दिलीत तर तूट कुठून भराल? त्या म्हणाल्या, "वसुली वाढवू, काका." मी विचारलं, कोणाकडून? त्या थांबल्या. शेजारच्या कार्यकर्त्याने "काका, तो विषय नंतर घेऊ" म्हणून माइक पुढे नेला. पण ताईंनी फोन काढून काहीतरी टिपून घेतलं, मी पाहिलं. हे पत्र लिहायची उमेद मला त्यावरून आली.

कोणाकडून, ते मी सांगतो, ताई. तुमच्या कुठल्याही प्रभागात एखाद्या रविवारी सकाळी एक गल्ली पायी चाला, हातात फक्त मिळकतींची यादी घ्या. कोपऱ्यावरच्या तीन मजली घराचा तळमजला यादीत 'पार्किंग' असतो. तिथे टाइल्सचं शोरूम असतं. पुढच्या इमारतीच्या गच्चीवर हॉटेल चालतं आणि आकारणी रिकाम्या गच्चीची असते. त्याच्यापुढे निवासी दराने भरणारा बंगला, आत चाळीस मुलींचं पेइंग गेस्ट. दोन विंगा नव्या उभ्या राहिल्या, लोक राहायला येऊन तीन दिवाळ्या झाल्या, आकारणीच झालेली नाही, कारण निरीक्षकाकडे एवढी मोठी पेठ आहे की तो तिथवर पोचलेलाच नाही. आणि एखाद्या वेळी पोचूनही पोचलेला नसतो. माझ्याच खात्याबद्दल हे लिहिताना मान खाली जाते, पण लिहायला हवं. उलट एका विधवा बाईंच्या एकाच खोलीची दोन खात्यांवर दुबार आकारणी झालेली असते आणि त्या दोन वर्षं अर्ज घेऊन फिरत असतात. मोबाइल टॉवरवर मिळकतकर लावता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं, तरी थकबाकीच्या यादीत टॉवर वर्षानुवर्षं तसेच उभे दिसायचे. सरकारी कार्यालयांचीही बाकी असते, आणि ती मागायला आयुक्तांनासुद्धा अवघड जातं.

ही गल्ली नीट चाललात तर दर एक पैशाने न वाढवता उत्पन्न वाढेल आणि लहान घराला सवलत द्यायला हक्काचे पैसे हातात येतील. याला काम लागतं. शोरूमवाला तुमचा देणगीदार निघू शकतो, हॉटेलवाला मंडळाचा अध्यक्ष. त्यांच्या दारात जाऊन 'तुमची फेरआकारणी होणार' म्हणायला जी हिंमत लागते तिला मी बदल म्हणेन, आणि तिला माझ्या घरातली चार मतं देईन.

तेव्हा माझं मागणं ऐका. जी माफी जाहीर करताय ती बिलातल्या कोणत्या ओळींची, आणि ती द्यायचा अधिकार सभागृहाला आहे की विधिमंडळाला, हे लिहून द्या. अधिकार विधिमंडळाचा असेल तर 'मागणी करू' लिहा, 'माफ करू' लिहू नका. तूट किती येईल आणि कोणत्या खात्यातून भरेल ते लिहा: रस्ते, दवाखाने, शाळा, की वसुली. वसुली म्हणत असाल तर प्रभागातल्या सर्वांत मोठ्या शंभर थकबाकीदारांची यादी दर सहा महिन्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावायचा ठराव मांडाल का, हो की नाही. व्यापारी मिळकतींसाठी अभय योजनेच्या विरोधात मत द्याल का, हो की नाही. वेळेवर भरणाऱ्या लहान घराला मिळणारी सूट वाढवाल का. भाडेकरूच्या घराचं काय. आणि तुमच्या स्वतःच्या घराचा, कार्यालयाचा, कुटुंबातल्या दुकानांचा चालू वर्षाचा मिळकतकर भरलेला आहे, याच्या पावत्या पत्रकासोबत जोडा. उमेदवारी अर्ज भरताना थकबाकी नसल्याचा दाखला तुम्ही जोडलाच असेल. तो आम्हालाही दाखवा. आणि त्यावरची तारीख आम्हाला बघू द्या, अर्जाच्या आदल्या दिवशीची आहे की एप्रिलची.

कुणी म्हणेल, एवढं सगळं पत्रकात मावत नाही. मी चारही पत्रकं उलटून पाहिली. गुळगुळीत कागद, पुढे चार रंगांत छपाई, आणि मागची बाजू चौघांचीही कोरी आहे. त्या चारही कोऱ्या बाजूंवर मी पट्टीने रेघा मारून वरचे प्रश्न एकाखाली एक लिहून ठेवलेत, उत्तरासाठी जागा सोडून. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या पार्किंगमध्ये सोसायटीची बैठक आहे, साठेक लोक असतील. चौघांनीही या. मागच्या वेळी टिपून घेतलेलं घेऊन त्या ताईंनी तर नक्कीच या. पेन मी आणतो. उत्तरं सगळ्यांसमोर लिहायची, खाली सही करायची, आणि तो कागद पाच वर्षं आमच्या सूचनाफलकाच्या काचेआड राहील.

आपला,
करसंकलन विभागातून निवृत्त झालेला, तुमच्याच प्रभागातला एक मतदार